दलाल स्ट्रीटवरचा पहिला सौदा : मुंबई शेअर बाजार समजून घेण्यासाठी नवख्यांना मार्गदर्शक

डीमॅट खाते, म्हणजे शेअर ठेवण्याचे संगणकीय खाते, उघडताना पॅन, आधार, बँकेचा पुरावा, छायाचित्र, सह्या आणि एकामागून एक येणारे ओटीपी यांनी बहुतेक नवखे कंटाळतात आणि समोर येईल तिथे ‘मान्य आहे’ म्हणत पुढे सरकतात. मुंबई शेअर बाजाराचा इतिहास थोडा जरी माहीत असेल तरी ही घाई होत नाही, कारण त्या अर्जातली आणि नंतरच्या व्यवहारातली जवळजवळ प्रत्येक अट कधी ना कधी कोणाचे तरी पैसे बुडाल्यानंतर आलेली आहे. म्हणून या लेखात पायऱ्या सांगताना प्रत्येक पायरीमागची घटनाही सांगितली आहे. कोणता शेअर घ्यावा, याविषयी मात्र येथे काहीही सापडणार नाही.

वडाच्या झाडापासून कायद्यापर्यंत

१८५०च्या दशकात मुंबईच्या टाउन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल जमत आणि बँका व कापसाच्या गिरण्यांच्या शेअरांचे सौदे करत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. कापसाच्या भावाबरोबर शहरात पैशांचा पूर आला. त्या पैशांवर नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनच्या शेअराचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातले सर्वांत मोठे नाव. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले.

त्या तेजीतले बरेचसे सौदे वायद्याचे होते. आज भाव ठरवायचा आणि पैसे व शेअर यांची देवघेव पुढच्या एखाद्या तारखेला करायची, अशी ती पद्धत होती. १८६५च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी मुदत भरलेले शेकडो वायदे पुरे करायला कोणाकडेच पैसे उरले नव्हते. प्रत्येक देणेकरी दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, कारण त्याला तिसऱ्याकडून येणे होते. समोरचा माणूस शब्द पाळेल याची हमी देणारे बाजारात कोणीही नव्हते, ही गोष्ट त्या दिवशी उघड झाली. चौथ्या पायरीवर ती पुन्हा येणार आहे.

दलालांना हक्काची जागा १८७४ मध्ये ज्या रस्त्यावर मिळाली तोच पुढे दलाल स्ट्रीट म्हणून ओळखला गेला. ९ जुलै १८७५ रोजी त्यांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. सुरुवातीचे सभासद ३१८ होते आणि प्रवेशशुल्क एक रुपया. देशी दलालांची प्रतिष्ठा आणि हित जपणे, हा संघटनेचा उद्देश होता. गुंतवणूकदाराचे हित पाहणारी स्वतंत्र संस्था यायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याखाली ऑगस्ट १९५७ मध्ये या बाजाराला सरकारची कायम मान्यता मिळाली. १९८८ मध्ये सेबी ही ती संस्था स्थापन झाली आणि १९९२ मध्ये तिला कायद्याने अधिकार मिळाले. बाजार चालवणारे आणि बाजारात सौदे करणारे लोक मात्र तेव्हाही एकच होते. २००५ मध्ये बाजाराची कंपनी झाली आणि मालकी, व्यवस्थापन व दलाली यांची फारकत करण्यात आली. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये या कंपनीच्या स्वतःच्या शेअरांची नोंदणी झाली, ती प्रतिस्पर्धी राष्ट्रीय शेअर बाजारावर, कारण भारतात कोणत्याही बाजाराला स्वतःचे शेअर स्वतःच्या फळ्यावर नोंदवता येत नाहीत.

पहिली पायरी : तीन खाती आणि त्यांच्या मधल्या भिंती

शेअर घेण्यासाठी तीन खाती लागतात. बँक खात्यात पैसे असतात, डीमॅट खात्यात शेअर असतात आणि ट्रेडिंग खात्यातून ऑर्डर दिली जाते. ट्रेडिंग खाते दलालाकडे असते. डीमॅट खाते दलालामार्फत उघडले तरी त्याची खरी नोंद डिपॉझिटरीकडे, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअरांची नोंद सांभाळणाऱ्या संस्थांकडे असते. हा भेद नीट ध्यानात घ्यावा. दलालाचे ॲप म्हणजे केवळ खिडकी आहे. शेअर त्या ॲपमध्ये नसतात. डीमॅट खात्याचा सोळा अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि डिपॉझिटरीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आपले लॉगिन वेगळे तयार करावे. नवखे हे सहसा करत नाहीत, आणि माझ्या मते हीच या पायरीवरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

पूर्वी शेअर म्हणजे छापील प्रमाणपत्र असे. विकणाऱ्याची सही कंपनीच्या दप्तरातल्या सहीशी जुळली नाही की कागद परत येई. बाजाराच्या भाषेत ती ‘बॅड डिलिव्हरी’. प्रमाणपत्रे टपालात हरवत, चोरीला जात, बनावटही निघत. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा या त्रासातून आला. १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीकृत कंपन्यांचे कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित करणे, वारसाहक्कासारखे अपवाद वगळता, बंद झाले आहे.

कागद गेले म्हणून धोका संपला असे नाही. २०१९ मध्ये एका मोठ्या दलाल पेढीने ग्राहकांचे शेअर परस्पर तारण ठेवल्याचे उघड झाले. पूर्वी ग्राहक दलालाला सरसकट मुखत्यारपत्र लिहून देत आणि त्याच्या आधारे असे प्रकार शक्य होत. आता त्या जागी मर्यादित अधिकाराचे वेगळे पत्र आले आहे, तेही ऐच्छिक आहे, आणि तारणाची नोंद ग्राहकाने ओटीपीने मान्य केल्यावरच होते. नवख्याने ते पत्र न देता, दर विक्रीच्या वेळी पिन आणि ओटीपी टाकण्याचा त्रास सोसावा, असे मी सुचवीन.

खाते उघडण्याआधी दलालाचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासावा. पैसे नेहमी स्वतःच्या बँक खात्यातून दलालाच्या अधिकृत ग्राहक खात्यातच पाठवावेत. कोणा व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात किंवा रोखीने कधीही देऊ नयेत. बनावट ट्रेडिंग ॲप पडद्यावर भरघोस नफा दाखवते, पण डिपॉझिटरीच्या नोंदीत एकही शेअर दाखवू शकत नाही. नॉमिनीचे नाव त्याच बैठकीत भरून टाकावे.

दुसरी पायरी : फळ्यावर काय दिसते ते वाचणे

मुंबई बाजारावर पाच हजारांहून अधिक कंपन्या नोंदलेल्या आहेत आणि त्या सर्व सारख्या नाहीत. प्रत्येक शेअरापुढे गटाचे अक्षर असते. ‘ए’ गटात मोठ्या उलाढालीचे शेअर येतात, ‘बी’ मध्ये बाकीचे बरेचसे. ‘टी’ गटातल्या शेअरात प्रत्येक सौद्याची प्रत्यक्ष देवघेव करावी लागते, म्हणजे सकाळी घेऊन दुपारी विकून हिशेब मिटवता येत नाही. ‘झेड’ गट नियम न पाळणाऱ्या कंपन्यांचा आहे. पहिल्या वर्षात ‘टी’ आणि ‘झेड’ यांच्या वाटेला जाण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

सेन्सेक्स म्हणजे या हजारो कंपन्यांपैकी ३० कंपन्यांचा भारित, म्हणजे मोठ्या कंपनीला अधिक वजन देणारा, निर्देशांक. १९७८-७९ हे वर्ष १०० धरून तो १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. सप्टेंबर २००३ पासून तो मोजताना कंपनीचे सगळे शेअर न धरता प्रवर्तकांच्या हातातले वगळून बाजारात फिरू शकणारेच धरले जातात. त्यामुळे ज्या कंपनीचे अधिक शेअर लोकांच्या हातात आहेत तिचे वजन त्या प्रमाणात वाढते. बातम्यांत ‘बाजार पडला’ म्हणतात तेव्हा बहुधा हे तीस शेअर पडलेले असतात. आपल्याकडचा एकतिसावा त्याच दिवशी चढलेलाही असू शकतो.

तिसरी पायरी : ऑर्डर देणे

मार्च १९९५ पर्यंत मुंबई बाजाराचे सौदे रिंगमध्ये होत. शेकडो दलाल आणि त्यांचे मदतनीस एका मोठ्या दालनात ओरडून आणि हातवारे करून भाव सांगत, जॉबर खरेदी आणि विक्रीचे दोन्ही भाव देत, आणि ठरलेला सौदा छोट्या वहीत पेन्सिलीने टिपला जाई. घरी बसलेल्या ग्राहकाला संध्याकाळी दलाल जो भाव सांगे तो त्या दिवसाच्या उच्चांक आणि नीचांकाच्या मधला असला की त्याला वाद घालायला जागा नसे, कारण आपला सौदा नेमका किती वाजता झाला हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर शेअरांचे सौदे सुरू केले. चार महिन्यांत, १४ मार्च १९९५ रोजी, मुंबई बाजारानेही ‘बोल्ट’ ही स्वतःची संगणक प्रणाली आणली. एकशेवीस वर्षे जुन्या संस्थेने इतक्या झपाट्याने स्वतःला बदलले, त्यामागे स्पर्धा होती हे मान्य करावे लागेल.

संगणकाचा नियम साधा आहे : चांगला भाव आधी, आणि भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी. याचा परिणाम मात्र नवख्याला ऑर्डर दिल्यावरच कळतो, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेअराच्या विक्रीच्या रांगेत ४१२.०० रुपयांना ४० शेअर आहेत, ४१२.५० ला ६० आणि ४१५.०० ला २००. तुम्हाला १५० शेअर हवे आहेत आणि पडद्यावर शेवटचा भाव ४१२ दिसतो. तुम्ही मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घेण्याची ऑर्डर, दिलीत तर पहिले ४० शेअर ४१२ ला, पुढचे ६० शेअर ४१२.५० ला आणि उरलेले ५० शेअर ४१५ ला मिळतील. एकूण ६१,९८० रुपये, म्हणजे सरासरी भाव ४१३.२० पडला. तुम्ही ४१२.५० ची लिमिट ऑर्डर, म्हणजे त्याहून जास्त भाव न देण्याची अट घातलेली ऑर्डर, दिली असती तर १०० शेअर लगेच मिळाले असते आणि उरलेल्या ५० शेअरांची तुमची मागणी खरेदीच्या रांगेत उभी राहिली असती. कोणी त्या भावाला विकायला आला तर मिळतील, नाहीतर बाजार बंद होताना ती रद्द होईल. मोठ्या उलाढालीच्या शेअरात हा फरक काही पैशांचा असतो, पण कमी उलाढालीच्या शेअरात रांगेत पुढचा भाव पाच टक्के वर असू शकतो. म्हणून सुरुवातीला लिमिट ऑर्डरच द्यावी, आणि ऑर्डर देण्याआधी रांगेची खोली पाहावी.

रांग पाहताना दोन्ही बाजारांची पाहावी. रोख शेअरांची बहुतांश उलाढाल आज राष्ट्रीय बाजारावर होते, त्यामुळे एकाच शेअराची रांग तिकडे बरेचदा दाट असते. काही कंपन्या मात्र फक्त मुंबई बाजारावरच नोंदलेल्या आहेत. एका बाजारात सकाळी घेतलेला शेअर त्याच दिवशी दुसऱ्या बाजारात विकला तर हिशेब परस्पर मिटत नाही. इकडे घेतलेले शेअर उद्या येणार असतात आणि तिकडे विकलेले द्यावे लागतात. ही चूक नवखे हमखास करतात.

वेळेचेही थोडे शास्त्र आहे. नेहमीचे सौदे सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० या वेळेत होतात. त्याआधी ९ वाजता सुरू होणाऱ्या पंधरा मिनिटांत ऑर्डर गोळा करून, जास्तीत जास्त शेअरांचा मेळ ज्या भावाला बसेल तो त्या दिवसाचा सुरुवातीचा भाव म्हणून ठरवला जातो. रात्रीत आलेल्या बातमीचा धक्का पहिल्याच ऑर्डरने झेलावा लागू नये, यासाठी २०१० मध्ये ही सोय झाली. तरीही पहिली पंधरा-वीस मिनिटे नवख्याने नुसते पाहत बसावे.

आणखी एक शब्द कानावर पडेल : सर्किट. बहुतेक शेअरांना दिवसाकाठी २, ५, १० किंवा २० टक्क्यांची चढ-उताराची मर्यादा असते. भाव खालच्या मर्यादेला टेकला की विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा कोणीच नसतो. अशा वेळी ‘नुकसान झाले तरी चालेल, पण बाहेर पडतो’ असे म्हणूनही बाहेर पडता येत नाही. स्टॉप लॉस ऑर्डरही, म्हणजे भाव ठरावीक पातळीपर्यंत पडला की आपोआप जाणारी विक्रीची ऑर्डर, तेथे निरुपयोगी ठरते, कारण ती फक्त ऑर्डर रांगेत घालते, गिऱ्हाईक आणून देत नाही. संपूर्ण बाजारासाठी १०, १५ आणि २० टक्क्यांचे वेगळे टप्पे आहेत. २३ मार्च २०२० रोजी करोनाच्या धास्तीने सेन्सेक्स सकाळीच १० टक्के घसरला, तेव्हा सौदे ४५ मिनिटे थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर घसरण चालूच राहिली आणि दिवसअखेर निर्देशांक ३,९३४ अंकांनी खाली आला.

चौथी पायरी : सौदा झाला, आता शेअर कधी?

आता १ जुलै १८६५ कडे परत जाऊ. त्या दिवशी जी हमी नव्हती ती आज क्लिअरिंग कॉर्पोरेशन देते. तुमची ऑर्डर जुळली की कायद्याच्या दृष्टीने तुमच्या आणि अनोळखी विक्रेत्याच्या मध्ये ही संस्था उभी राहते. तुम्ही तिच्याकडून घेता, तो तिला विकतो. त्यातला एक बुडाला तरी दुसऱ्याचे येणे ती भागवते, आणि त्यासाठीच ती सर्वांकडून मार्जिन, म्हणजे आगाऊ अनामत, घेते. ही हमी सौदा पुरा होण्याची आहे. घेतलेल्या भावाची हमी कोणीही देत नाही, हे वेगळे सांगायला नको, पण सांगून ठेवतो.

या बाजारात बरीच वर्षे एक पळवाटही उघडी होती, ती म्हणजे बदला. पैसे नसतानाही शेअर घ्यायचे आणि हिशेबाचा दिवस आला की सावकाराला व्याज देऊन सौदा पुढच्या हिशेबावर ढकलायचा, हा सीधा बदला. शेअरांचीच टंचाई असेल तर मंदीवाल्यानेच, म्हणजे भाव पडेल या अपेक्षेने आधी विकून बसलेल्यानेच, उलट पैसे मोजायचे, हा उंधा बदला. त्यामुळे तेजी उसन्या पैशांवर महिनोन् महिने चालू राहू शकत असे. १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणात बँकांचे पैसे रोख्यांच्या व्यवहारांतून शेअर बाजारात आले होते, आणि ते बाहेर पडताच भाव गडगडले. बदल्यावर बंदी आली, ती सैल झाली, आणि २००१ च्या आणखी एका घोटाळ्यानंतर जुलै २००१ मध्ये तो कायमचा गेला. त्याच वर्षी आठवड्याच्या हिशेबाऐवजी प्रत्येक दिवसाचा वेगळा हिशेब लागू झाला. पाच दिवसांची मुदत तीनवर, तीनची एप्रिल २००३ मध्ये दोनवर आणि जानेवारी २०२३ पर्यंत सर्व शेअरांसाठी एका दिवसावर आली.

व्यवहारात याचा अर्थ असा : सोमवारी घेतलेला शेअर, मध्ये सुट्टी नसेल तर, मंगळवारी तुमच्या डीमॅट खात्यात थेट जमा होतो. विक्रेत्याने शेअर दिलेच नाहीत तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन लिलावातून ते विकत घेऊन देते, आणि तेही जमले नाही तर ठरलेल्या सूत्राने रोख रक्कम देते. म्हणूनच खात्यात जमा होण्याआधीच शेअर विकून टाकण्यात धोका आहे. तुम्हालाच ते मिळाले नाहीत तर तुम्ही पुढच्याला काय देणार? लिलावातल्या चढ्या भावाचा भुर्दंड मग तुमच्यावर येतो.

पाचवी पायरी : कागद वाचणे

सौदा झाल्यावर चोवीस तासांत दलालाकडून कॉन्ट्रॅक्ट नोट येते. तिच्यात ऑर्डर क्रमांक, सौद्याचा क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. रिंगच्या काळात ग्राहकाला जे कधीच कळत नसे ते इथे छापलेले असते, आणि तरीही फार थोडे लोक ती उघडतात. खर्चही तिथेच दिसतो. प्रत्यक्ष शेअर घेण्याच्या व्यवहारात खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवर ०.१ टक्का रोखे व्यवहार कर लागतो, खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्कही लागते. वरच्या ६१,९८० रुपयांच्या उदाहरणात पहिला सुमारे ६२ रुपये आणि दुसरे सुमारे ९ रुपये ३० पैसे. त्याशिवाय दलाली, बाजाराचे व सेबीचे शुल्क, त्यांवरचा जीएसटी आणि विक्रीच्या दिवशी डिपॉझिटरीचे शुल्क असते. ‘शून्य दलाली’ म्हणजे शून्य खर्च नव्हे.

नफ्यावरचा कर वेगळा. २३ जुलै २०२४ पासूनच्या दरांनुसार बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के, आणि त्याहून अधिक काळ ठेवून विकल्यास वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो.

काही बिनसले तर आधी दलालाकडे लेखी तक्रार करावी, उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या स्कोअर्स या प्रणालीवर नोंदवावी, आणि तिथेही मिटले नाही तर ऑनलाइन तंटा निवारणाचा मार्ग आहे. फोनवरच्या बोलण्यापेक्षा या वाटेवर कॉन्ट्रॅक्ट नोटला अधिक किंमत असते.

पहिला सराव

पहिल्या खरेदीसाठी मोठ्या उलाढालीच्या कंपनीचा फक्त एक शेअर घ्यावा. लिमिट ऑर्डर द्यावी, त्याच संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून वेळ आणि भाव पडद्यावरच्या नोंदीशी ताडून पाहावेत, आणि दुसऱ्या दिवशी दलालाचे ॲप बंद ठेवून डिपॉझिटरीच्या संकेतस्थळावर तो शेअर आपल्या नावावर आला का ते बघावे. आठवडाभराने तो विकावा, पिन आणि ओटीपी टाकून विक्रीला मंजुरी कशी द्यायची ते शिकावे, आणि आलेले पैसे ट्रेडिंग खात्यात पडू न देता बँकेत परत मागवावेत. या सगळ्यात शुल्कापोटी काही रुपये जातील आणि त्या एका शेअरावर बहुधा तोटाच दिसेल. पैसे बँकेत पोहोचल्याचा संदेश येईपर्यंत दुसरी ऑर्डर देऊ नये.